माळ, गोचर आणि गायरान

जमिनीविषयीचे वाङ्मय म्हटले की मराठी वाचकाच्या मनापुढे प्रथम शेत उभे राहते. शेताला मालक असतो, बांध असतो, वारस असतो. म्हणून त्याला कथाही असते. भाऊबंदकी, गहाणखत, जप्ती, वाटणी ह्या साऱ्या घटना शेतातूनच उगवतात, आणि ग्रामीण कादंबरीचा मोठा भाग त्यांनी व्यापलेला आहे. शेताखालोखाल स्थान मिळाले ते अरण्याला. कारण गूढता, भय आणि सौंदर्य ह्यांचे ते पूर्वापार आश्रयस्थान मानले गेले आहे. परंतु शेत आणि अरण्य ह्यांच्यामध्ये एक तिसरी जमीन असते. ती कोणा एकाची नसते. तिच्यावर गावची गुरे चरतात, तिच्यातील काटक्याकुटक्यांवर निम्म्या गावाच्या चुली पेटतात, तिच्या उतारावरून वाहणारे पाणी गावच्या तळ्यात येते. ह्या जमिनीला वाङ्मयात स्वतंत्र व्यक्तित्व फारसे लाभलेले नाही.

मराठीपुरते पाहिले तर ह्या जमिनीला दोन नावे आहेत: एक माळ आणि दुसरे गायरान. माळ हा कवीचा शब्द आहे, गायरान हा तलाठ्याचा. उजाडपणा, एकाकीपणा, वाऱ्याची घोंघाव, दूरवर दिसणारे एखादे बाभळीचे झाड, असे सारे भावविश्व माळ ह्या शब्दाभोवती जमलेले आहे. उलट गायरान म्हटले की गटनंबर, अतिक्रमण, नोटीस आणि मोजणी आठवते. वस्तुतः पुष्कळ ठिकाणी जमीन एकच असते. जी सुंदर आहे तिच्यावर कोणाचा हक्क आहे हे विचारायचे नाही, आणि जिच्यावर हक्काचा वाद आहे तिचे सौंदर्य पाहायचे नाही, अशी ही वाटणी होऊन बसली आहे. सार्वजनिक जमिनीसंबंधीच्या लेखनाचे मूल्यमापन करताना ही वाटणी लक्षात ठेवावी लागते. किंबहुना, अशा लेखनाची कसोटीच ही होय की, त्याने ही दोन अंगे एकत्र आणली की नाहीत.

ह्या कसोटीवर तपासून पाहावे असे लेखन हिंदीत अनुपम मिश्र ह्यांनी केले आहे. कवी भवानीप्रसाद मिश्र ह्यांचे हे चिरंजीव. त्यांचा जन्म १९४८ मध्ये वर्ध्याला झाला. आयुष्यभराचे कार्यक्षेत्र मात्र दिल्लीचे गांधी शांती प्रतिष्ठान आणि लेखनाचा विषय बव्हंशी राजस्थान. २०१६ च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. 'आज भी खरे हैं तालाब' (१९९३) आणि 'राजस्थान की रजत बूंदें' (१९९५) ह्या दोन पुस्तकांनी त्यांचे नाव देशभर पोहोचविले. ह्या दोहोंच्या मानाने आकाराने लहान असलेला, परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा असा त्यांचा एक लेख आहे: 'गोचर का प्रसाद बांटता लापोड़िया'. जयपूर जिल्ह्यातील एका गावाच्या चराईच्या जमिनीची ती कथा आहे. राजस्थानात गायरानाला गोचर म्हणतात.

लापोडिया हे गाव जयपूरपासून सुमारे ८० किलोमीटरांवर, दूदूच्या परिसरात वसलेले आहे. पाऊस अल्प आणि लहरी, तळी फुटलेली, गोचर उजाड, तरुण शहराकडे निघालेले, अशी १९७० च्या दशकातील त्याची अवस्था होती. त्या दशकाच्या अखेरीस लक्ष्मण सिंह ह्या तरुणाने सोबत्यांना घेऊन तळ्याच्या दुरुस्तीचे काम हाती घेतले. पुढे ग्राम विकास नवयुवक मंडळ ही संस्था उभी राहिली. देव सागर, फूल सागर आणि अन्न सागर ही तळी पुन्हा पाणी धरू लागली, आणि त्यानंतर लक्ष गेले ते गोचराकडे. लक्ष्मण सिंह ह्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. परंतु मिश्रांनी लेख लिहिला तो असा मान मिळण्याच्या पुष्कळ आधी, काम अद्याप बहुतेकांच्या दृष्टीआड असताना.

गोचरावर जे करण्यात आले त्याला 'चौका' म्हणतात. उतारावर तीन बाजूंनी मातीचे बुटके बांध घालून चौकोनी खाचरे करावयाची, चढाची बाजू मोकळी ठेवावयाची, आणि खाचरात सुमारे नऊ इंचच पाणी उभे राहील अशी योजना करावयाची. त्याहून अधिक झालेले पाणी बाजूने निघून पुढच्या चौक्यात जाते, तेथून त्याच्या पुढच्या, आणि शेवटी तळ्यात. ह्या नऊ इंचांना अर्थ आहे. पाणी त्याहून खोल साचले आणि फार दिवस राहिले, तर गवत कुजते. साचलेच नाही, तर जमिनीत ओल मुरत नाही आणि मातीत पडलेले बी वाहून जाते. म्हणजे येथे पाणी अडवावयाचे आहे ते तळे करण्यासाठी नव्हे, तर थांबत थांबत पुढे जाऊ देण्यासाठी. खोल चर खणण्याची जी सरकारी पद्धत सर्वत्र रूढ होती, तिच्याहून ही दृष्टी वेगळी आहे. गवताला काय मानवते ह्याच्या निरीक्षणातून ती जन्मलेली आहे.

मिश्रांच्या गद्याचे सामर्थ्य अशा ठिकाणी प्रत्ययास येते. तांत्रिक माहिती सांगताना ते तांत्रिक भाषा वापरीत नाहीत. त्यांची वाक्ये लहान असतात. ती बोलण्याच्या लयीत चालतात. विशेषणांचा सोस त्यांना नाही. एखादी गोष्ट वडीलधाऱ्या माणसाने ओसरीवर बसून सांगावी, तशी ते बांधाची उंची आणि पाण्याची खोली सांगतात. ह्या साधेपणामागे एक विचार आहे. तज्ज्ञाची भाषा वापरली की ज्ञानाचा मालक तज्ज्ञ ठरतो, आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ते ज्ञान सांभाळले ते केवळ 'लाभार्थी' होतात. मिश्र लोकांचे शब्द उचलतात, त्यांना अवतरणचिन्हांच्या पिंजऱ्यात न घालता वाक्यात सहज वावरू देतात, आणि त्यामुळे ज्ञान पुन्हा ज्याचे त्याला मिळते. 'आज भी खरे हैं तालाब' ह्या पुस्तकावर त्यांनी स्वामित्वहक्क ठेवला नाही, ही गोष्टही येथे केवळ चरित्रात्मक म्हणून सोडून देता येत नाही. सर्वांच्या पाण्याविषयीचे पुस्तक कोणा एकाचे असू नये, हा आशय आणि व्यवहार ह्यांचा मेळ आहे. कोणीही छापावे, कोणीही भाषांतर करावे अशा मोकळिकीमुळे ते पुस्तक अनेक भाषांत गेले, मराठीतही आले.

लेखाच्या शीर्षकातील 'प्रसाद' हा शब्दही असाच विचारपूर्वक योजलेला आहे. जमिनीचे मूल्य दोन प्रकारे मोजण्याची सवय जडलेली आहे: विकली तर किती येईल, किंवा पिकविली तर किती निघेल. गोचर विकावयाचे नसते आणि नांगरावयाचेही नसते. म्हणून ह्या दोन्ही मापांत त्याचे मूल्य शून्य ठरते. प्रसाद ही वस्तू ह्या दोन्ही मापांबाहेरची आहे. तो विकत नाहीत, साठवीत नाहीत. तो वाटल्यानेच प्रसाद होतो. गोचराचे उत्पन्न दूध, शेण, सरपण, पाणी आणि पक्षी ह्यांच्या रूपाने गावभर पसरते, आणि कोणत्याच एका खात्यावर जमा होत नाही. जे कोणाच्याच खात्यावर जमा होत नाही, ते कोणाच्याच हिशेबात नुकसान म्हणूनही दिसत नाही. सार्वजनिक जमीन नाहीशी होते ती बहुधा ह्याच वाटेने. मिश्रांनी एका शब्दाने ही मूल्याची कल्पना वाचकाच्या मनात उभी केली आहे.

ह्या लेखनाचे मोल कळावयाचे तर ज्या भाषेच्या विरुद्ध ते उभे आहे, ती भाषाही पाहिली पाहिजे. जयपूर शहर १७२७ मध्ये सवाई जयसिंहाने वसविले. त्याच्या आखणीत चौपडींना, म्हणजे भर बाजारातील मोकळ्या चौकांना आणि त्यांतील पाण्याच्या कुंडांना, मानाचे स्थान होते. पुढे ती कुंडे बुजविण्यात आली, आणि मेट्रोच्या खोदकामात त्यांचे अवशेष पुन्हा उजेडात आले. शहराला पाणी देणाऱ्या रामगढ तलावात १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील वल्हवण्याच्या शर्यती झाल्या. पुढे तोच तलाव कोरडा पडला, आणि पाणलोटातील जमिनींचा बदललेला वापर व त्यांवरील अडथळे हे त्याच्या कारणांपैकी एक ठरले. २००४ मध्ये अब्दुल रहमान खटल्यात राजस्थान उच्च न्यायालयाने राज्यातील जलाशयांच्या पाणलोटातील असे अडथळे दूर करून जमिनी पूर्वस्थितीस आणण्याचा आदेश दिला. अलीकडे, २०२५ मध्ये, सांगानेर भागातील 'डोल का बाढ' ह्या झाडीने भरलेल्या जागेवर व्यापारी संकुलाची योजना आली, तेव्हा नागरिकांनी तिला विरोध केला. जागा औद्योगिक महामंडळाच्या ताब्यातील होती. अहवालाच्या दृष्टीने ती रिकामी होती, आणि तेथे फिरावयास जाणाऱ्यांच्या दृष्टीने ती भरलेली होती.

हा 'रिकामी' शब्द सर्वांत घातक होय. महसुली भाषेत पड, पडीक, पोटखराब अशा शब्दांनी जमिनीचे वर्णन होते. ह्या सर्वांचा आधार एकच: ज्या जमिनीतून सारा निघत नाही ती निरुपयोगी. कायदा नेहमीच असा आंधळा असतो असे नाही. १९५५ च्या राजस्थान कूळकायद्याने चराईच्या जमिनीवर खातेदारी हक्क निर्माण होऊ शकत नाही असे सांगितले आहे. तथापि कायद्याने राखलेली जमीन शब्दाने रिकामी ठरली, की तिच्यावर नवे प्रयोजन येऊन बसण्यास वेळ लागत नाही, आणि प्रत्येक नवे प्रयोजन 'सार्वजनिक' असल्याचाच दावा करते. रस्ता सार्वजनिक, वसाहत सार्वजनिक, कारखानाही रोजगार देणारा म्हणून सार्वजनिक. अशा वेळी जुन्या सार्वजनिकतेला आपले म्हणणे मांडता येईल अशी भाषा हवी असते. मिश्रांनी ती दिली, हे त्यांचे कार्य मोठे आहे, आणि ते वाङ्मयीन कार्य आहे.

येथपर्यंत मिश्रांच्या लेखनाचे यश. परंतु मराठी वाचक ते वाचू लागतो तेव्हा त्याच्या मनात एक प्रश्न उभा राहिल्याशिवाय राहत नाही, आणि तो हिंदी वाचकाच्या मनात तितक्याच तीव्रतेने उठेल असे नाही. तळे ह्या शब्दाबरोबर मराठी मनाला आठवते ते महाडचे चवदार तळे. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने बोले ह्यांचा ठराव संमत केला, त्यानंतर महाडच्या नगरपालिकेने तळे सर्वांना खुले असल्याचे ठरविले. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी तेथील पाणी प्याले तेव्हा त्यांच्यावर हल्ले झाले. प्रकरण न्यायालयात गेले. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी आहे, असा दावा करण्यात आला. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. जे तळे नगरपालिकेच्या मालकीचे होते ते सर्वांचे होण्यास सत्याग्रह आणि दहा वर्षांचा खटला लागला. म्हणून 'सर्वांचे' ह्या शब्दापाशी मराठी वाचक थबकतो. सर्व म्हणजे कोण, हे तो विचारतो.

मिश्रांच्या गद्यात कर्त्याच्या जागी वारंवार 'समाज' येतो. समाज तळे खणतो, समाज नियम घालतो, समाज राखतो, समाज विसरतो. ह्या योजनेने लेखनाला एक भारदस्त एकात्मता लाभली आहे. राज्यसंस्थेवर सर्व काही सोपवून बसलेल्या वाचकाला आत्मविश्वास देण्याचे सामर्थ्य तिच्यात आहे. मिश्र खालच्या मानलेल्या जातींना विसरले, असाही आक्षेप घेता येणार नाही. 'आज भी खरे हैं तालाब' मधील 'संसार सागर के नायक' ह्या प्रकरणात त्यांनी तळी बांधणाऱ्या गजधरांची, मातीकाम करणाऱ्या अनेक जातीजमातींची नावे सन्मानाने नोंदविली आहेत. इतिहासाने ज्यांना अनाम ठेवले त्यांना नाव देण्याचा तो प्रयत्न हिंदी गद्यातील एक उदात्त प्रसंग मानावा लागेल. परंतु ह्या प्रकरणात ही माणसे निर्माते म्हणून येतात. बांधून झालेल्या तळ्याच्या कोणत्या घाटावर त्यांना पाणी भरता येत होते, हा प्रश्न तेथे केंद्रस्थानी येत नाही. निर्माता आणि हक्कदार ह्यांत अंतर आहे. भारतीय गावात ते अंतर फार मोठे होते. ज्याच्या हाताने विहीर खणली गेली त्यालाच तिचे पाणी शेंदता येऊ नये, इतके मोठे. 'समाज' हा एकवचनी कर्ता वाक्याला सौष्ठव देतो, आणि त्याच वेळी हे अंतर झाकतो.

लेखकाने जे लिहावयाचे ठरविलेच नाही त्याबद्दल त्याला दोष देऊ नये, हा समीक्षेचा एक संकेत आहे, आणि तो बव्हंशी योग्य आहे. मिश्रांना विस्मृतीविरुद्ध लिहावयाचे होते, अन्यायाविरुद्ध नव्हे, असे म्हणता येईल. परंतु येथे प्रश्न विषयाच्या निवडीचा नसून कर्त्याच्या निवडीचा आहे. सर्वांच्या मालकीच्या वस्तूविषयी लिहिताना 'सर्व' हा शब्द गृहीत धरणे म्हणजे विषयाचा निम्मा भाग गृहीत धरणे होय. ही उणीव माहितीची नाही, ती गद्याच्या घाटातील आहे. म्हणून तिची चर्चा वाङ्मयीन समीक्षेतच झाली पाहिजे.

ह्या निम्म्या भागाविषयी मराठी गद्याने काय केले? परंपरा अल्प नाही. जोतीराव फुले ह्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मध्ये सरकारी जंगलखात्याने डोंगरदऱ्यांतील चराईची राने आपल्या हद्दीत घेतली आणि शेतकऱ्यांच्या गुरांना, शेरडांना जागा उरली नाही, ही तक्रार आवेशाने मांडलेली आहे. सार्वजनिक जमिनीच्या अपहाराविषयीचे मराठीतील हे आरंभीचे समर्थ गद्य होय, आणि त्यात शेरडाचा उल्लेख आहे हे विशेष. कारण गाय ही जमीनदाराकडेही असते, शेरडू मात्र बहुधा जमीन नसलेल्याचे जनावर. त्र्यंबक नारायण आत्रे ह्यांच्या 'गाव-गाडा' (१९१५) मध्ये वतनदार, बलुतेदार आणि फिरस्ते ह्यांचा गावावर किती भार पडतो ह्याची चिकित्सा आहे. दृष्टी बरीचशी शेतकऱ्याच्या बाजूची. परंतु गाव म्हणजे एकजीव कुटुंब नव्हे, तर परस्परांच्या देण्याघेण्यांचे यंत्र आहे, हे त्या ग्रंथाने मराठी वाचकाला कायमचे शिकविले.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' (१९५५) मध्ये चराईची जमीन कादंबरीभर पसरलेली आहे. धनगरांची ती वस्ती मेंढरांवर जगते, मेंढरे माळावर जगतात, आणि पाऊस पडला नाही की वस्तीच उठते. माळ आणि माणूस ह्यांचे नाते इतक्या संयमाने क्वचितच चित्रित झाले असेल. तथापि ह्या कादंबरीत माळ हा निसर्ग आहे, हक्क नाही. तो आटतो तो अवर्षणाने. कोणी तो नांगरला, कोणी कुंपण घातले, म्हणून नव्हे. माडगूळकरांच्या कलेला त्याची गरज नव्हती, आणि त्यामुळे कादंबरीचे मोल कमी होत नाही. परंतु मराठी ललित गद्याने माळ घेतला आणि गायरान तलाठ्याकडे ठेवले, हे विधान ह्या श्रेष्ठ उदाहरणावरूनही खरे ठरते.

गायरान वाङ्मयात आले ते अन्य वाटेने. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या २२ व्या कलमात, गावच्या जमिनी कोणकोणत्या प्रयोजनांसाठी राखून ठेवता येतील ह्याची यादी आहे. गुरांची मोफत चराई, वैरण, सरपण, गावठाण, खळे, बाजार, स्मशान, आणि त्याच ओळीत मेलेल्या जनावरांची कातडी सोलण्याची जागा. कायद्याच्या ह्या रुक्ष वाक्यात जिवंत गुराची जमीन आणि मेलेल्या गुराची जमीन शेजारी शेजारी बसलेल्या आहेत. मराठी गद्यात मात्र पहिली माळ होऊन गेली, आणि दुसरी दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) सारख्या आत्मकथनांत प्रकट झाली. ज्याच्या दावणीला गुरे नव्हती, त्याच्या वाट्याला चराईच्या जमिनीवरून आले ते गावाने टाकलेले मेलेले ढोर. गोचर आणि गायरान ही दोन्ही नावे गाईवरून पडलेली आहेत. गाय नसलेल्या माणसाचा त्या जमिनीशी संबंध काय, ह्या प्रश्नाचे उत्तर नावातच दिलेले नाही.

ते उत्तर लोकांनी स्वतः शोधले. दादासाहेब गायकवाड ह्यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पडीक आणि सरकारी जमीन कसण्यास मिळावी ही त्यांची मागणी होती. मराठवाड्यात पुष्कळ दलित कुटुंबांनी गायराने फोडून शेती केली. १९९१ मध्ये महाराष्ट्र शासनाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय घेतला; ती तारीख आंबेडकर-जयंतीची आहे हा केवळ योगायोग नव्हे. २०२२ मध्ये गायरानावरील बांधकामांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा त्यांची संख्या दोन लाखांवर सांगण्यात आली. गायरान वाचले पाहिजे असे म्हणणारा आणि गायरानावरील आपले घर वाचले पाहिजे असे म्हणणारा, हे दोघेही सार्वजनिक हिताचीच भाषा बोलतात, आणि दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे.

जमीन वाटून टाकली की प्रश्न सुटतो, असेही नाही. अर्थशास्त्रज्ञ एन. एस. जोधा ह्यांनी देशाच्या कोरडवाहू भागांतील गावांच्या पाहणीवरून १९८६ मध्ये जे निष्कर्ष मांडले, ते दोन्ही पक्षांना अडचणीत टाकणारे आहेत. सामायिक जमिनीवर गरिबांची उपजीविका श्रीमंतांपेक्षा अधिक अवलंबून असते, हा एक निष्कर्ष. आणि गरिबांच्या नावाने वाटलेल्या सामायिक जमिनीचा बराच भाग अखेर गरीब नसलेल्यांच्याच हाती जातो, हा दुसरा. म्हणजे गोचर राखले तर त्यात कोणाला प्रवेश, हा प्रश्न उरतो. आणि वाटले तर वाटा कोणाला, हा प्रश्न उरतो. 'समाज' हा शब्द पहिल्या प्रश्नाला उत्तर देत नाही, आणि 'हक्क' हा शब्द दुसऱ्याला.

ह्या दृष्टीने सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग खटल्यातील निकाल वाङ्मयाच्या अभ्यासकानेही वाचण्याजोगा आहे. पंजाबातील एका गावच्या तळ्याच्या जमिनीवरील अतिक्रमणाचे ते प्रकरण होते. देशभरातील गावांच्या सामायिक जमिनी मोकळ्या कराव्यात असा आदेश न्यायालयाने दिला, आणि त्याचबरोबर अपवादही सांगितला: भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जातीजमातींना शासकीय अधिसूचनेने जमीन दिलेली असेल, अथवा तेथे शाळा किंवा दवाखाना उभा असेल, तर अपवादात्मक प्रकरणी नियमितता देता येईल. नियम आणि अपवाद एकत्र ठेवल्यामुळे दोन न्याय्य दावे परस्परांकडे पाहत उभे राहिले. निर्णय अवघड झाला, परंतु अवघडपण लपविले गेले नाही. ललित गद्याकडून निकालाची अपेक्षा नसते. पण जे अवघडपण न्यायालयाच्या भाषेला पेलले, ते साहित्याच्या भाषेला पेलू नये, ही गोष्ट समाधानाची नाही.

येथे तुलनेचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडला पाहिजे. मिश्रांच्या गद्याला गवत दिसते. नऊ इंच पाण्याने काय होते, कोणते बी कोठे अडकते, बांध कोण दुरुस्त करतो, ह्या गोष्टींत त्याला रस आहे. आणि हा रस नसेल तर सार्वजनिक जमीन केवळ क्षेत्रफळ होऊन राहते. मराठीतील हक्काच्या गद्याला माणूस दिसतो, त्याचा अपमान दिसतो, त्याचे जमिनीवाचून असणे दिसते; परंतु गवत दिसत नाही. गायरान त्याच्या लेखी मिळवावयाची जमीन आहे, सांभाळावयाची नव्हे. इतकी शतके जिच्या सांभाळाचे कष्ट वाट्याला आले आणि उपभोग आला नाही, तिच्याविषयी सांभाळाचे उपदेश ऐकावेत अशी अपेक्षाही दलित लेखकाकडून करता येणार नाही. ह्या मौनाला इतिहास आहे. पण इतिहासाने मौन समजते, भरून निघत नाही.

मिश्रांच्या समाजाला मराठीतील हक्काचा प्रश्न विचारला पाहिजे, आणि मराठीतील हक्काला मिश्रांच्या गवताची दृष्टी दिली पाहिजे. ह्यातून गोड समन्वय निघेल असे नाही. धनगराला माळ मोकळा हवा असतो, भूमिहीनाला तो नांगरावयाचा असतो, शेरडे राखणाऱ्या बाईला तेथील पाला हवा असतो, आणि शहराला त्याच माळावरून रस्ता न्यावयाचा असतो. ह्यांतील एकाचीच बाजू घेऊन उत्तम प्रचार होतो, चारांचीही बाजू समजून घेतल्याशिवाय उत्तम कादंबरी होत नाही. मराठीत अशी कादंबरी लिहिण्यास लागणारी सामग्री फुल्यांपासून पवारांपर्यंत विखुरलेली आहे. तिच्यात जे नाही ते जयपूर जिल्ह्यातील एका गोचरावर लिहिलेल्या हिंदी लेखात आहे.

२०२४ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील ओरणांची, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानांची, मोजणी करून त्यांना संरक्षण देण्याचा आदेश दिला. जमीन मोजली जाईल, नकाशे होतील, हद्दी ठरतील. हद्दीच्या आत कोणकोण येतात, हे मात्र मोजणीदार सांगू शकणार नाही. लापोडियाचे मोल हे की, तेथील माणसांनी ती जमीन हाताने पुन्हा जिवंत केली. मिश्रांचे मोल हे की, त्यांनी ती शब्दाने दृश्य केली. ह्या दृश्यात अद्याप ज्यांना उभे राहण्यास जागा नाही, त्यांना जागा करून देणे हे त्यांच्या मागून येणाऱ्या लेखकाचे काम आहे, आणि ते मराठी लेखकाने करावे अशी अपेक्षा धरण्यास मराठी वाङ्मयाच्या इतिहासात पुरेसा आधार आहे.